एकोणीस दिवस

माझी लेक चांदवडच्या देवीच्या पायऱ्यांवर कोसळली, ती माझ्यामुळे. तिची पाळी आडवी आल्याने आमचं दर्शन दोनदा रद्द झालं होतं. तेव्हा मी घरात सगळ्यांसमोर म्हणालो, "दर वेळी तुझंच नेमकं कसं निघतं गं? की पायऱ्या चढायचा कंटाळा?" ती नववीत होती.

आमच्याकडे बायकांनी चार दिवस बाजूला बसायचं, पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हायलं की मोकळं. पुढच्या पाळीत ती पाचव्या दिवशी न्हाली, "झाले मोकळी" म्हणाली. दोन आठवड्यांनी आम्ही निघालो. अर्ध्या पायऱ्यांवर ती पांढरीफटक पडली. ड्रेस मागून भिजला होता.

नाशिकला आणल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती दिवस जातंय?"

"चार," मीच सांगितलं.

"एकोणीस," पलंगावरून ती म्हणाली. "पप्पांना माहीत नाही."

"साहेब, तुम्ही जरा बाहेर बसा. तिला बोलू द्या."

तिने सगळं सांगितलं. लहानपणी नाकातून येणारं रक्त, दाढ काढल्यावर दोन दिवस न थांबलेलं रक्त, दर महिन्याचे दिवस. बाई नंतर म्हणाल्या, "हिने इतकं नीट सांगितलं नसतं, तर मीही लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवली असती." मुंबईहून रिपोर्ट आला: रक्त गोठवणारा एक घटक जन्मतःच कमी. मग माझंही रक्त तपासलं. दाढी करताना कापलं की मी तासभर कापूस धरून बसायचो, त्याचं कारण तेच निघालं. तिला ते माझ्याकडूनच आलं होतं.

औषधं लागू पडली. ती शिकली, शिक्षिका झाली. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरी तिला पाहायला पाहुणे येणार होते, त्या सकाळी मी तिला म्हणालो, "आजाराचं आज नको काढूस."

चहाचा ट्रे ठेवून ती समोर बसली. "मला रक्त लवकर न थांबण्याचा आजार आहे. पाळीत जास्त जातं, बाळंतपणही सगळी सोय असलेल्या दवाखान्यातच करावं लागेल. चालणार असेल तर पुढचं बोलू."

मुलाची आई हसली. "बाई गं, तू तर बोलण्यात वकिलालाही हार जायची नाहीस!"

मुलाने चहा घेतला आणि विचारलं, "औषधं कुठली घेता?"

माझा ऊर अभिमानाने भरून आला, आणि मान खाली गेली. पाहुणे गेल्यावर ती कप विसळत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"बाळा, तेव्हा मी बोललो म्हणून तू लपवलंस. आज तर मीच लपव म्हणालो. दोन्ही वेळा चूक माझी होती. मला माफ कर."