मित्राची सहाशेची लेन्स

दसऱ्याच्या संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन मी दौंडहून शिरूरला मित्राच्या दुकानात गेलो आणि पूजेत ती लेन्स मांडलेली पाहिली. त्याचं खताबियाण्यांचं दुकान आहे. काउंटरवर पाट, पाटावर नवं कापड, त्यावर फवारणीचा पंप, मोटारसायकलची किल्ली, एक विळा आणि मधोमध ती. पांढरीशुभ्र, चांगली हातभर लांब, गळ्यात झेंडूची माळ आणि अंगावर हळदकुंकवाची बोटं. "अरे, कुंकू रिंगमध्ये जाईल," एवढंच माझ्या तोंडून आधी निघालं. अभिनंदन नंतर केलं, आणि तेही कसंबसं.

कारण ती लेन्स माझी होती. पैसे त्याने भरले होते, हे खरं. पण अभ्यास माझा होता.

आम्हा दोघांना फोटोंचा नाद लागून दहाएक वर्षं झाली. मी कुरकुंभच्या औषधी कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. सुट्टी जुळली की आम्ही चिंकारा आणि ससाण्यांच्या मागे माळरानं तुडवायचो, यात्रांच्या दिवसांत बैलगाडा शर्यती आणि कबड्डीचे फोटो काढायचो. दोघांकडे सारखीच लेन्स होती, तीनशेपर्यंत जाणारी. हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ येतं. तीनशेत लग्नातली नवरी छान येते, पण माळावरचा ससाणा वाटाण्याएवढा येतो. तो वाटाणा मोठा करून बघायचा आणि "पंख ओळखू येतायत बरं का" असं एकमेकांना सांगायचं, यात आमची किती वर्षं गेली.

मग सहाशेपर्यंत जाणाऱ्या लेन्सची चर्चा सुरू झाली. दोन वर्षं चालली. मी चक्क वही घातली. झूम करताना नळी बाहेर येणारी घ्यावी की आतल्या आत फिरणारी? बाहेर येणारी स्वस्त, पण ती धूळ ओढते, आणि आमच्या माळावर धुळीशिवाय आहे काय? उजेड कमी असला तर लांबचं कितपत टिपते? हातात धरून चालते की तिवई लागतेच? पुण्याच्या दुकानात मी दोनदा जाऊन ती हातात घेतली. दारातून समोरच्या रिक्षावाल्यावर रोखली तर त्याने दिलेल्या जांभईत दाढेत भरलेली चांदी दिसली. दुसऱ्या वेळी दुकानदाराने विचारलं, "साहेब, या खेपेला घेताय ना?" तिच्या किमतीत नवी मोटारसायकल दारात उभी राहिली असती. तरीही मला परवडतच नव्हती असं नाही. ठरवून झाल्यावरही आणखी एक मत वाचून बघणारा माणूस आहे मी. बायको एकदा म्हणाली, "अहो, घ्यायची तर घ्या, नाहीतर त्या वहीला तरी सुट्टी द्या."

मित्राने यातलं काहीच वाचलं नव्हतं. मी बोलायचो, तो भजी खायचा आणि शेवटी "बघू" म्हणायचा. आणि आता त्याने बघितली होती.

"आरं, ऑफर लागली व्हती, दुपारपातूरच," त्याने सांगितलं. "तुला तीनदा फोन लावला. तू शिफ्टला व्हतास. मग म्हनलं, हा दोन वर्सं सांगतोय, घ्यायची तर हीच, तर घिऊन टाकू."

आमच्या कारखान्यात फोन गेटवर जमा करावा लागतो. त्या दिवशी बाहेर पडल्यावर त्याचे तीन मिस्ड कॉल दिसले होते, हेही खरं. पुन्हा करेल म्हणून मी फोन केला नव्हता. म्हणजे रागवायला मला जागाच नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

त्याने बियाण्याच्या काट्यावर लेन्स ठेवून दाखवली. दोन किलो शंभर ग्रॅम. एक शेतकरी आप्पा दुकानात बसले होते, ते म्हणाले, "येवढ्या वजनाच्या बियान्यात माझा अर्धा एकर कांदा व्हतोय की." सगळे हसले. मीही हसलो. न्हावऱ्यावरून घरी परतताना ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांच्या मागे रखडत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की पावसाळ्यात तिच्या काचेला बुरशी धरेल. धरावी, असंच म्हणत होतो मी. लपवून काय करायचं? मी जळत होतो.

मार्गशीर्षात शिरूरकडच्या एका गावची यात्रा होती. बैलगाडा शर्यतीला आम्ही बरोबरच गेलो. शर्यतीच्या चढाला घाट म्हणतात आणि एकेका गाड्याच्या धावेला बारी. दरवर्षी आम्ही दोघे दोराला खेटून उभे राहायचो, धुरळा खायचो आणि बैल अंगावर यायच्या आत मागे उडी मारायचो. यंदा दोराशी मी एकटा होतो. तो घाटाच्या माथ्यावर, मंडपाच्या सावलीत, खुर्चीवर बसला होता. माणसं त्याच्याभोवती गोळा झाली होती. एक गाडामालक त्याच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये वाकून बघत म्हणाला, "च्या मायला, बैलाच्या नाकातली वाफ दिसतीय." माझ्या दहा वर्षांत माझ्या फोटोला कुणी असं म्हणालं नव्हतं.

दुपारी तो स्वतः खाली आला आणि लेन्ससकट कॅमेरा माझ्यापुढे धरला. "धर, पुढची बारी तू काढ."

"नको. माझं मनगट दुखतंय."

"आरं, आर्धा तास ठेव. मी जेवून येतो."

"नको म्हटलं ना."

त्याने कॅमेरा परत गळ्यात अडकवला. मनगट ठणठणीत होतं. त्याची लेन्स मला आवडली असती, हीच खरी अडचण होती. एकदा तिच्यातून पाहिलं असतं तर परत देताना तोंड कसं केलं असतं?

संक्रांतीनंतर मला एक गोष्ट मिळाली, जी त्याच्याकडे नव्हती. कुरकुंभच्या पलीकडच्या माळाला लागून एका धनगर मामांची शेती आहे. ज्वारी करतात, पण पन्नासेक मेंढरं अजून ठेवलीत. आम्हा दोघांची त्यांच्याशी जुनी ओळख. शिफ्ट सुटल्यावर मी त्यांच्याकडे चहाला थांबलो होतो. बोलता बोलता मी मित्राच्या लेन्सचं गाऱ्हाणं काढलं. लोकांकडे पैसा आला की काय काय घेतात, दोन फर्लांगावरच्या जनावराचा डोळा दिसतो म्हणे तिच्यातून, वगैरे. मामा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "लांडगीनीनं पिल्लं घातल्यात. तकडं, वड्याच्या कडंला, जुन्या मुरमाच्या खानीत. तीन हाईत."

मी कप खाली ठेवला. लांडगा मी आयुष्यात चारदा पाहिला होता, तोही पळता. पिल्लं कधीच नाही.

"बघा, पन लांबून बघा," मामा म्हणाले. "वाटंत एकली बाभळ हाय. तिच्या अलीकडं ऱ्हायाचं. तिच्या म्होरं कोनी गेलं की ती हितं ऱ्हात न्हाई."

"तुमची मेंढरं नाही नेत ती?"

"नेती की कवातरी एखांदं. तिला बी पोरं हाईत."

मी तीन दिवस लागोपाठ बाभळीपाशी जाऊन बसलो. तिथून खाण दोनेकशे पावलांवर. सकाळच्या उन्हात पिल्लं बिळातून बाहेर यायची, एकमेकांचे कान ओढायची. मी त्यांना डोळ्यांनी बघत होतो आणि कॅमेऱ्यात मुरमाच्या रंगाचे तीन ठिपके येत होते. तिन्ही दिवस मी मित्राचा नंबर काढला. एक फोन केला असता तर तो तासाभरात लेन्स घेऊन आला असता, आणि पहिला फोटो मलाच काढू दिला असता. ते मला पक्कं माहीत होतं. पण मग शिरूरपासून दौंडपर्यंत सगळे म्हणाले असते, काय लेन्स आहे. लांडग्याची पिल्लं त्याची झाली असती. नाकातली वाफ त्याची, पिल्लंही त्याचीच. मी फोन खिशात घातला.

चौथ्या दिवशी मी बाभळीच्या पुढे गेलो.

ओढ्याच्या कोरड्या पात्रातून वाकून, मग गुडघ्यांवर, मग पोटावर. खाणीपासून चाळीस पावलांवर आडवा झालो. एक पिल्लू आलं, मागून दुसरं, मग तिसरं, आणि तिघंही एका रांगेत बसून माझ्याच दिशेने बघायला लागली. मिशा दिसत होत्या. मी भराभर फोटो काढले. सहाशेवाल्याला असलं काय मिळणार, हे मी मनात म्हटलं, शब्दन् शब्द आठवतंय. मग मान वळवली तर वरच्या कडेला मादी उभी होती. ती गुरगुरली नाही की पळाली नाही. नुसती बघत राहिली. तिचाही फोटो मी काढला.

दोन दिवसांनी गेलो तर बिळाच्या तोंडाशी कोळ्याने जाळं विणायला घेतलं होतं.

मामा मेंढरांना पाणी दाखवत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "नेली तिनं," म्हणाले. "येकयेकाला तोंडात धरून. कोन तरी म्होरं गेलं व्हतं." मी म्हटलं, कोण गेलं असेल? ते पुढच्या मेंढराला पाण्याकडे ढकलायला लागले. माझ्या पँटच्या गुडघ्यांवर तेव्हाही मुरमाचे डाग होते. त्या दिवशी त्यांनी चहाला थांबा म्हटलं नाही.

तो फोटो मी कुणालाच दाखवू शकलो नाही. आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो, आणि तो बघणारा पहिला माणूस विचारणार, हा कुठून काढलास?

महिन्याभराने मित्राचा फोन आला. पुण्याहून परतताना वाट वाकडी करून सोलापूर रस्त्याने येत होता, यवतच्या आमच्या नेहमीच्या हॉटेलात ये म्हणाला. मी गेलो. त्याने भजी सांगितली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. स्क्रीनवर करवंदीच्या जाळीखाली लांडगी आडवी पडली होती आणि पिल्लं तिच्या पाठीवर चढत होती. ती निवांत होती, डोळे अर्धे मिटलेले. आपल्याकडे कुणी बघतंय याचा तिला पत्ताच नव्हता.

सांगायला लाज वाटते, पण आधी मी जळलोच. काय फोटो होता तो. मी मोठा करून पाहिला, कडा तपासल्या, कुठे तरी हललेला निघावा म्हणून. निघाला नाही.

"कोणी सांगितलं?"

"मामांनी फोन केला. म्हनले, तुमच्याकडं लांबून दिसायचं हाय म्हनं, तर तुमी या. पार लांब बसवलं मला. तीन तास हलू दिलं न्हाई."

त्यांना त्या लेन्सबद्दल सांगणारा मीच होतो. मी स्क्रीनवर पुढचा फोटो उघडला, मग त्याच्या पुढचा. प्रत्येक फोटोत मोजत गेलो. जाळीच्या मागे, आईच्या पोटाशी, गवतात.

"दोनच हाईत," मित्र म्हणाला.

"तिसरं मागे असेल."

"न्हाई. नेताना येक मागं ऱ्हायलं व्हतं. कुत्र्यांनी गाठलं."

भजी आली. त्याने बशी माझ्याकडे सरकवली. त्याला सगळं माहीत होतं, हे मला त्या बशीवरूनच कळलं. एरवी तो पहिलं भजं स्वतः उचलतो. मी खाली मान घालून बसलो. बाहेर हायवेवरच्या गाड्या जात होत्या.

"घाटात देत व्हतो तवाच घ्यायची व्हती," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. मग कॅमेऱ्यातून कार्ड काढून घेतलं आणि लेन्स लावलेला कॅमेरा तसाच माझ्या पिशवीत ठेवला. "आता ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. मला दुकानातून येळ कुठं मिळतोय?"

मी नको म्हणू शकलो नाही. घरी येईस्तोवर ती पिशवी खांद्याला जाणवत होती.

ती लेन्स अजून माझ्या कपाटात आहे. काच मी पुसून ठेवतो, बुरशी धरू नये म्हणून सिलिकाच्या पुड्या ठेवल्यात. माळावर मात्र तिला एकदाही नेलेलं नाही. माझ्या जुन्या कार्डात तो चाळीस पावलांवरचा फोटो आहे, कधीमधी उघडून बघतो. चांगला आलाय, मिशासुद्धा दिसतात. त्यात तीन पिल्लं आहेत.