नुसते ओठ हलवा

माझी मुलगी अमिरातीतल्या अल ऐनच्या एका शाळेत चौथीत आहे. यंदा तिने स्पॅनिश घेतलं आणि शांतता दिनासाठी बाईंनी वर्गाला एक स्पॅनिश गाणं शिकवलं. अर्थ साधाच: मोठ्यांनो, तुमची भांडणं पुरे, आता आम्हा मुलांचं ऐका. झालं, घरात दुसरं काही नाही. दात घासताना तेच, गाडीत तेच, वरणभात गार होईपर्यंत तेच. पोरीचा आवाज जाडाभरडा आहे. एरवी चारचौघांत तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून मला त्या गाण्याचं फारच अप्रूप वाटायला लागलं होतं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी शाळेचा मेसेज आला. गाणं रेकॉर्ड केलेलं लावणार, मुलांनी फक्त ओठ हलवायचे. माझं डोकंच फिरलं. तडक को-ऑर्डिनेटरबाईंना फोन लावला.

"मॅडम, लाइव्ह में बच्चे इधर-उधर हो जाते हैं," त्या म्हणाल्या. "ट्रॅक का साउंड क्लीन आता है."

"लेकिन गाना ही ये है कि बच्चों की सुनो!"

"हां मॅडम, थीम बहुत ब्यूटिफुल है."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मी फोन ठेवला आणि उगाच भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी मुलं पांढऱ्या कपड्यांत ओळीने उभी राहिली. स्पीकर इतके मोठे लावले होते की खुर्ची थरथरत होती. कुणा परक्या मुलांचे गोड, घासूनपुसून लख्ख केलेले आवाज सभागृहभर घुमले. माझी मुलगी दुसऱ्या रांगेत होती. तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. मी कान टवकारून बसले होते. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. मला एकही टाळी वाजवावीशी वाटली नाही.

गाडीत बसल्याबसल्या तिने विचारलं, "मम्मा, आय वॉज रिअली सिंगिंग. फुल लाउड. डिड यू हिअर मी?"

हो म्हणणं सोपं होतं. पण खोटं बोलवेना.

"नाही गं राणी. त्या स्पीकरपुढे काही ऐकूच आलं नाही. आता म्हण ना, मी ऐकते."

तिने पट्टा लावला आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

"खलास, मम्मा. दे ऑलरेडी क्लॅप्ड."