अकरा टक्क्यांवर अडकलेला कॉम्प्युटर

मंडळी, खांडबाऱ्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. आज सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, तर डिस्क चेक अकरा टक्क्यांवर अडकला. तीनदा केलं, तीनदा अकराच! आत परवाच्या लग्नाचे सगळे फोटो.

संशय सरळ मेकॅनिक भाऊंवर. गेल्याच आठवड्यात त्यांनी नवी डिस्क बसवली होती. नवी दाखवून जुनीच बसवली असणार! त्यांना बोलावलं आणि त्यांच्या हातांवरून नजर हलवली नाही.

त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला. बसवण्याआधी मी नव्या डिस्कची पूजा केली होती, ते कुंकू तिच्यावर तसंच होतं. आणि वायर खोचायच्या जागी माझ्याच अक्षतांमधला एक दाणा!

"ताई, हाऊ दखा तुमना चोर," तो दाणा दाखवत भाऊ हसले.

दाणा काढून वायर नीट खोचली, तर चेक शंभर टक्क्यांपर्यंत गेला. फोटो शाबूत आहेत. चहा पाजला, पण माफी मागायला तोंड उघडलं नाही.

भाऊ, तुम्हीही याच ग्रुपमध्ये आहात. वाचलंत ना?