सावली शोधणारी गाडी आणि डॅशबोर्डवरची प्रोग्रामर

मला यंत्रांचं वेड आहे, हे आधीच सांगून टाकते. शाळेत नवीन काही आलं की त्याचं खोकं फोडायला मी सगळ्यांत पुढे. फळ्याच्या जागी मोठा टचस्क्रीन बसवला त्या दिवशी मी डबा खायलासुद्धा विसरले होते. माझा नवरा इथे एका कंपनीत अकाउंटंट आहे. तो म्हणतो, "तुझ्या पर्समध्ये कंगवा सापडायचा नाही, पण चार्जर हवे तेवढे सापडतील." खरं आहे त्याचं. पण वर्गात चार्जर लागतो, कंगव्याचं काय काम?

बहरीनमधल्या या भारतीय शाळेत मी बरीच वर्षं कॉम्प्युटर शिकवते आहे. पण गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात जी मजा आली, तशी आधी कधीच आली नव्हती. त्या वर्गाची मी वर्गशिक्षिका होते. त्यातली एक मुलगी दिवाळीनंतर इमारतीच्या जिन्यावरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. मार्चपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

ही मंडळी मूळची रत्नागिरीकडची. वडील मनामा शहरात एका व्यापाऱ्याकडे क्लार्क. घर माहूजला, आमच्या इमारतीपासून दोन गल्ल्या पलीकडे. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या आईने दारातच माझा हात धरला.

"मॅडम, पोरीचं वर्स फुकट जाऊ देऊ नका ओ. हजेरी भरणार नाय म्हणतात. हिचे अब्बा बोलतात, परत आठवीतच बसायचं तर गावाला पाठवू, मामाकडे राहील."

मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आमची इथली मुलं मराठी सगळी समजतात आणि उत्तर इंग्रजीत देतात, तशीच तीही. "आय डोन्ट वॉन्ट टू गो, मॅम," एवढंच म्हणाली. वर्गात सगळ्यात जास्त बडबड करणारी मुलगी ही! मला भडभडून आलं आणि त्याच क्षणी डोक्यात एक कल्पना आली. यंत्रांच्या वेडाचा उपयोग आता नाही करायचा तर कधी?

दुसऱ्या दिवशी मी प्रिन्सिपल मॅडमपुढे उभी राहिले. वर्गात तिच्या बाकावर एक टॅब्लेट ठेवू, ती घरून रोज सगळे तास करील, आणि ती हजेरी धरा, असं माझं मागणं होतं. प्रिन्सिपल मॅडम केरळच्या, शिस्तीच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, स्क्रीन देखना और क्लास में होना, दोनों अलग बातें हैं."

पण नाही म्हणाल्या नाहीत. टॅब्लेट लावा, ती खरोखर वर्गात असते असं मला दिसलं तर वर्षाअखेरी हजेरी धरीन, नाही दिसलं तर पुन्हा आठवी, असा त्यांचा निवाडा झाला. मी बाहेर आले ती जवळजवळ नाचतच.

मग काय विचारता! पहिल्या दिवशी टॅब्लेट बाकावर पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला आणि पडद्यावर तिचा चेहरा आला, तेव्हा वर्गाने अशी आरोळी ठोकली की शेजारच्या वर्गातले सर धावत आले. गणिताच्या तासाला मी मागे बसले होते; तिने अंथरुणात पडल्यापडल्या बोटाने समीकरण सोडवलं आणि ते तिच्याच वाकड्यातिकड्या अक्षरात आमच्या मोठ्या स्क्रीनवर उमटत गेलं. अख्खा वर्ग माना वर करून बघत होता.  हे माहूजच्या एका बेडरूममधून येतंय, असं मी मोठ्याने दोनदा म्हणाले, जसं काही मुलांना ठाऊकच नव्हतं.

मुलांना तर त्यात काही अजब वाटेनासंच झालं. त्यांच्या लेखी टॅब्लेट म्हणजे ती. लॅबमध्ये जाताना तिला दोन्ही हातांनी धरून न्यायची. सकाळी राष्ट्रगीत लागलं की सगळा वर्ग उभा राही आणि तिची बाकावरची मैत्रीण टॅब्लेट उचलून ताठ उभा धरी. डबा खाताना तिची आई तिकडे तिच्यापुढे ताट ठेवायची आणि कुणाच्या डब्यात काय आहे ते तिला कॅमेऱ्यापुढे धरून दाखवावं लागे. एकदा माझ्याच तासाला त्या दोघी मैत्रिणी कुजबुजत होत्या म्हणून मी चिडून टॅब्लेट भिंतीकडे तोंड करून ठेवला. पुढची पाच मिनिटं वर्ग हसून लोळत होता आणि भिंतीकडून "सॉरी मॅम, सॉरी मॅम" चालू होतं. मलाही हसू आवरेना.

प्रिन्सिपल मॅडम मधूनच दारात येऊन उभ्या राहायच्या, बघायच्या आणि निघून जायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

जानेवारीत सखीरच्या विद्यापीठात शाळाशाळांच्या प्रकल्पांचा दिवस जाहीर झाला. मी चार मुलांचा आणि तिचा असा गट केला. त्यांनी ठरवलं, सावली शोधणारी गाडी करायची. तळहाताएवढी गाडी, तिला डावीउजवीकडे दोन प्रकाश मोजणारे डोळे. ज्या बाजूला उजेड कमी त्या बाजूला वळायचं आणि दाट सावली मिळाली की थांबायचं. बहरीनमध्ये वाढलेल्या मुलांनाच असलं सुचणार! पार्किंगमध्ये सावलीतली जागा मिळाली की इथे माणूस लॉटरी लागल्यासारखा खूश होतो. गाडी चौघांनी जोडली आणि तिचा सगळा प्रोग्राम अंथरुणातल्या मुलीने लिहिला. तिच्या आईने सांगितलं, पोरगी जेवताना पण बोटाने हवेत काहीतरी लिहीत बसते.

नियम असा होता की गटातल्या प्रत्येकाने आपापलं काम परीक्षकांना स्वतः समजावून सांगायचं. टॅब्लेटवरून सांगितलेलं चालेल, अशी मी आधीच परवानगी काढून ठेवली. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "मैं भी आऊँगी. वहीं देखूँगी." मी समजले. तिच्या वर्षाचा निकाल सखीरला लागणार होता.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी (शाळा रविवारी उघडते), आम्ही शाळेच्या मिनीबसने निघालो. प्रिन्सिपल मॅडम त्यांच्या गाडीने परस्पर येणार होत्या. टॅब्लेटवर ती सकाळपासून केस विंचरून, गणवेशाचा शर्ट घालून तयार. खाली पांघरूण होतं, पण ते कॅमेऱ्यात दिसत नव्हतं. इतके महिने घराबाहेर न पडलेली पोर! मुलांचं एकमत झालं की मानाची जागा तिला द्यायची. पाहुण्याला पुढच्या सीटवर बसवायचं ही आपली रीतच आहे. त्यांनी मैत्रिणीच्या ओढणीने टॅब्लेट डॅशबोर्डवर बांधला, चार्जरही लावला आणि कॅमेरा रस्त्याकडे केला. वाटेतलं मोटारींच्या रेसचं सर्किट दिसलं की तिला आधी दिसायला हवं! तिकडून ती ओरडत होती, "ओह माय गॉड, कॅमल्स!" उंट नव्हते, लांबवर उभी असलेली माती उपसायची यंत्रं होती. पण तिला कोण सांगणार? मीही मागे बसून टाळ्या पिटत होते.

बाहेर छान गार वारा होता, म्हणून उन्हाचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. विद्यापीठाच्या फाटकाशी पोहोचलो आणि मुलं किंचाळली. टॅब्लेट काळा पडला होता. पडद्यावर लाल थर्मामीटरचं चित्र तेवढं दिसत होतं. काचेमागच्या उन्हात तो तापून असा काही निघाला होता की हातात धरवत नव्हता. सावली शोधणारी गाडी मागे डब्यात कापसात गुंडाळलेली आणि तिचा प्रोग्राम लिहिणारी पोरगी आम्ही भर उन्हात बांधलेली! मी माझ्या कपाळावर हात मारून घेतला.

हॉलमध्ये शिरताच टॅब्लेट एसीखाली धरला. चौघं फायलींनी वारा घालत होती. एकजण म्हणाला, बर्फात ठेवू. "पाणी गेलं तर कायमचा खलास होईल!" मी खेकसले. फोनवरून तिला व्हिडिओ कॉल लावला, पण त्या गर्दीत नेटवर्क इतकं मरतुकडं की चित्र येईना. शेवटी साधा फोन केला. ती रडत होती. "मॅम, स्क्रीन गेली. मी काही केलं नाही." घाबरली की तिच्या तोंडून मराठी येतं, हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात परीक्षक आमच्या टेबलापाशी आल्याच. काळ्या पायघोळ अबायातल्या एक बहरीनी प्राध्यापिका, हसऱ्या पण पाणीदार नजरेच्या. त्यांच्यामागे हाताची घडी घालून आमच्या प्रिन्सिपल मॅडम. 

टेबलावर एक दिवा होता आणि पुठ्ठ्याची सावली. मुलांनी गाडी सोडली. गाडी डुलत डुलत वळली, पुठ्ठ्याखाली गेली आणि शहाण्यासारखी थांबली. प्राध्यापिकाबाईंनी मान डोलावली आणि विचारलं, हा प्रोग्राम कुणी लिहिला? चौघांनी एकाच वेळी काळ्या टॅब्लेटकडे बोट केलं. मी घाईघाईने फोन पुढे केला आणि सगळा प्रकार सांगितला.

 बाई म्हणाल्या, ठीक आहे, तिनेच लिहिला असेल तर तिला बदलताही येईल. या गाडीने आता सावली नाही, ऊन शोधायचं. "यल्ला!" म्हणजे चला, लागा कामाला.

मी फोन स्पीकरवर टाकला. प्रोग्राम शाळेच्या लॅपटॉपवर होता आणि तो तिला टॅब्लेटमधूनच दिसायचा; आता तिच्यापुढे प्रोग्राम नव्हता, चित्र नव्हतं, काहीच नव्हतं. चौघांपैकी तिची बाकावरची मैत्रीण लॅपटॉपवर बसली.  फोनमधून एक मोठा हुंदका आला, नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग तिचा वर्गातला नेहमीचा आवाज, भाषा मात्र अजून मराठीच.

"लूप सुरू होतो तिथे जा. लेफ्ट आणि राइट कम्पेअर केलंय, दिसलं? तिथलं चिन्ह उलटं कर. लेस दॅनचं ग्रेटर दॅन."

मैत्रिणीने केलं. प्रोग्राम गाडीत भरला. गाडी सुटली, वळली आणि सरळ दिव्याच्या उजेडाकडे निघाली. मुलांनी उड्या मारायला सुरुवात केली. मीही मारली, वय विसरून.

पण गाडी उजेडात पोहोचली तरी थांबेना. ती पुढे चालली होती, टेबलाच्या कडेकडे. आम्ही सगळी नुसती आ वासून बघतोय. आणि फोनमधून आवाज आला, "वेट. मोटरचा आवाज येतोय अजून. ती थांबली नाही ना? पकडा तिला!"

एकाने झडप घालून गाडी टेबलाच्या कडेशी पकडली.

"स्टॉपची कंडिशन राहिली," ती तिकडून म्हणाली. "खाली, शेवटून दुसऱ्या ब्लॉकमध्ये. ती अजून काळोखाचीच वाट बघतेय. तिथलं पण उलटं कर, आणि नंबर वाढव. दिवा आहे की ऊन? दिवा असेल तर फार वाढवू नको."

प्राध्यापिकाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तिला इथलं काहीच दिसत नाही?" त्यांनी हळूच विचारलं. मी मानेनेच नाही म्हटलं. 

गाडी पुन्हा सुटली. या वेळी ती उजेडाच्या अगदी मधोमध जाऊन उभी राहिली. हॉलमध्ये केवढा गलका होता, तरी मला ती मोटर थांबल्याची शांतता ऐकू आली. फोनमधून मोठ्ठा "येस्स!" आला, आणि बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. बक्षीस पुढे दुसऱ्याच शाळेला मिळालं. त्यांचा यांत्रिक हात खरंच भारी होता, आणि आम्हाला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

कारण परीक्षक पुढच्या टेबलाकडे वळल्या आणि प्रिन्सिपल मॅडमनी माझ्यापुढे हात केला. मला कळेना काय हवंय. "फोन," त्या म्हणाल्या.

त्यांनी स्पीकर बंद केला नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्या फोनमध्ये इतक्या हळू आवाजात बोलल्या की आम्हाला कान द्यावे लागले.

"बेटा, अब्बा को बोलना, संडे को ऑफिस में आके तुम्हारी नाइन्थ की बुक्स ले जाएँ."

  तिकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, घाईची पावलं ऐकू आली आणि तिच्या आईचा घाबराघुबरा आवाज आला.

"मॅडम? मॅडम, ही तोंडावर उशी घेऊन हमसून रडते ओ! काय बोललात तिला? पुन्हा आठवीतच ठेवलीत काय?"

मी तोंड उघडायच्या आत चारही पोरं फोनवर तुटून पडली आणि सगळ्या हॉलने मागे वळून बघावं अशा आवाजात ओरडली, "नाइन्थ, आंटी! नाइन्थ! ती आमच्याबरोबर येतेय!"