चौथ्या मजल्यावरचा कापूस

पुण्यात एका काचेच्या इमारतीत माझी एक वीट आहे, असं मी पूर्वी सांगायचे. मग नात म्हणाली, "आजी, काचेच्या इमारतीत विटा नसतात गं." मग माझं तिथे आहे तरी काय? तिने बराच विचार केला आणि म्हणाली, "एखादा स्क्रू असेल." तेव्हापासून मी तसंच सांगते. यवतमाळात आमच्या गल्लीत कोणाचं वावर आहे, कोणाचा लोहाऱ्याकडे प्लॉट आहे. माझा पुण्यात स्क्रू आहे.

तो मी तरुणपणी घेतला, म्हणजे वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. तेव्हाची मी, ती बाई, मला अजून डोळ्यांसमोर दिसते. केसांना मेंदी, साखळीने गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि आपल्याला बाजार कळतो अशी पक्की समजूत. समजूत कशावरून, तर टेलिफोन खात्यातल्या नोकरीवरून. जिनिंगवाल्यांचे मुंबईचे कॉल ती जोडून द्यायची, आणि जोडल्यावर आपला कान काढून घ्यायचा असतो हे सोयीने विसरायची. "भाव काय?" "पडला." "अजून पडेल?" हेच ऐकत नोकरी सरली. लग्नघराच्या दाराशी उभं राहून वास घेतला म्हणजे स्वयंपाक येतो, असंच तिला वाटत असणार.

बाभुळगावला आमच्या वडिलांचं वावर होतं. ते गेल्यावर भावाने वावर ठेवून घेतलं आणि माझ्या वाट्याचा पैसा मला दिला. दुसऱ्या बायांनी त्याचं सोनं केलं असतं. हिने टीव्हीवर जाहिरात पाहिली. एक ट्रस्ट होता. तो मोठाल्या ऑफिसच्या इमारती घेऊन कंपन्यांना भाड्याने देणार, आणि ज्यांनी ज्यांनी त्याची युनिटं घेतली त्यांना भाडं वाटून देणार. जाहिरातीत संध्याकाळ होती. सगळी काच सोन्यासारखी पेटलेली, आणि चौथ्या मजल्याच्या खिडकीत एक मुलगी कप हातात धरून उभी. आमच्या एक्स्चेंजच्या खोलीला खिडकीच नव्हती. बाकीचं काही वाचायची तिला गरज वाटली नाही. वावर देऊन तिने खिडकी घेतली.

"काहून वं," आमचे हे म्हणाले, "वावरात निदान तूर तरी येते. याच्यात काय येते?"

"भाडं येते."

"मंग वरची खोलीच भाड्यानं दे ना. पुण्याले कायले जाते?"

भाडं आलं, अगदी वेळेवर आलं. ती बाई मेंदी जरा जास्तच लावू लागली. आणि मग ती बिमारी आली, जग घरात जाऊन बसलं, आणि माझ्या इमारतीतले दिवे विझले. कंपन्यांना कळलं की माणसं घरूनही काम करतात. एकेक मजला रिकामा झाला, भाडं रोडावलं, आणि युनिटाचा भाव असा खाली आला जसं उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला जातं.

त्याच दिवसांत नात आमच्याकडे राहायला आली. तिचे आईबाप नाशिकला. तिथे सकाळच्या चहाबरोबर लग्नाचा विषय निघतो, इथे फक्त चहा निघतो, म्हणून ती इथे. थोडे दिवस म्हणून आली आणि वर्षं राहिली. वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची. मी खालून हाक मारली की "आजी, मीटिंग!" असं कुजबुजायची, आणि मीटिंगमध्येच सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीरवडी, खायची.

तिनेच मला माझ्या दुखण्याचं नाव समजावलं. "हे बघ आजी, इमारतींची खरी किंमत सगळ्या युनिटांत वाटली, तर एकाच्या वाट्याला समज शंभर रुपये येतात. पण बाजारात तेच युनिट लोक सत्तरला देतायत."

"शंभराचं सत्तरले? काहून? इमारत तर तितकीच हाय ना? पडली गिडली तर नाई?"

"इमारत आहे तशीच आहे. पण मजले रिकामे आहेत. लोकांना वाटतं, आता कोणी परत येणारच नाही."

"हात्तिच्या," मी म्हटलं. "म्हंजे कापूसच की."

कारण हे मी पाहिलेलं होतं. वडील कापूस वेचून आणायचे आणि भाव नसला की समोरच्या खोलीत भरून ठेवायचे. भिंतीपासून भिंतीपर्यंत, आढ्याला हात लागेल इतका. आम्ही पोरं त्याच्यावर झोपायचो. अंग खाजायचं, नाकात तंतू जायचे, पण तशी झोप मला पुन्हा कुठल्या गादीवर लागली नाही. खाली काही आहे असंच वाटायचं नाही. हलकी ऊब, आणि कौलांच्या फटीतून येणारा उजेड अगदी नाकासमोर. व्यापारी दारात यायचा, कापसाचा पुंजका चिमटीत धरायचा, तोंड वाकडं करायचा आणि पडेल भाव सांगायचा. वडील वर आमच्याकडे बघत त्याला म्हणायचे, "भाव पडला हाय बाप्पा, कापूस नाई पडला."

मग एके वर्षी चांगला भाव आला. गाडी भरून गेली. घरात सगळे खूश, मला फ्रॉक शिवला. तो घालून मी समोरच्या खोलीत गेले आणि "ओ" म्हणून पाहिलं. खोलीने मला "ओ" दिली. मी रडत बाहेर आले. आईला वाटलं, फ्रॉक टोचतो आहे.

तर मी युनिटं विकली नाहीत. वडिलांचं वावर होतं त्यात, ते पडेल भावात कसं जाऊ देऊ? आमच्या ह्यांना मात्र रोज सकाळी नवा खेळ मिळाला. पेपर उघडून विचारायचे, "काय वं, तुही माडी आज केवढ्याले?"

एका दुपारी नात मोबाइलवर जुने फोटो दाखवत होती. तिच्या ऑफिसातल्या पहिल्या दिवसाचे. एका फोटोत ती खिडकीत उभी होती, हातात कप. मागे काच, काचेत संध्याकाळ. मी मोबाइल तिच्या हातातून ओढला. इमारतीचं नाव विचारलं. तिने जाहिरातीतलंच नाव सांगितलं, आणि मजला चौथा. मी उठून चष्मा शोधायला लागले आणि तो गळ्यातच होता.

"पोरी," मी म्हटलं, "तू माही भाडेकरीण हायस!"

"काय?"

"थे इमारत माही हाय! आन् तू इथं माह्या घरात वड्या खाऊन राह्यली, म्हून तिथं माहा मजला रिकामा हाय! माहा भाव तुह्यामुळं पडला, बाई! ऊठ. जाय ऑफिसात."

ती खाटेवर आडवी होऊन हसली. हसता हसता म्हणाली, "मी एकटी गेले तर भाव किती वाढेल गं? पाच पैसे? आणि इथे तुझ्या वड्या कोण संपवेल?"

"तुहे आजोबा हायेत ना."

"त्यांना दात आहेत का?"

पण मी पेटले होते. त्या दिवसापासून सकाळी वंदना झाली, सगळे प्राणी सुखी होवोत असं म्हणून झालं, की मी मनातल्या मनात जोडायचे, 'आणि सोमवारपासून ऑफिसात जावोत.' तथागतांनी तृष्णेबद्दल काय सांगितलं ते मला पाठ आहे. पाठ असण्याचा आणि माझ्या वागण्याचा कधी फार संबंध आला नाही.

ट्रस्टची वर्षाची सभा मोबाइलवर होती. युनिट असलेल्या कोणालाही प्रश्न विचारता यायचा. मी नाव दिलं. माझी पाळी आली तेव्हा टाय लावलेली पाचसहा माणसं चौकोनांत बसून माझ्याकडे बघत होती. मी खात्यातला जुना आवाज काढला आणि विचारलं, "चौथा मजला रिकामा हाय तर तिथं कापूस ठेवता येते काय? भाव येईपर्यंत?" मग एक जण म्हणाला, "मॅडम, आपका सुझाव नोट कर लिया है।" वरच्या खोलीत नात तिच्या मीटिंगमध्ये होती. जिन्यावरून तिचं हसू ऐकू आलं.

मी गंमत केली असं सगळ्यांना वाटलं. पण दुपारी डोळा लागला की मी खरंच तिथे जायचे. नातीने सांगितलं होतं, तिथले दिवे माणूस चालेल तिथे आपोआप लागतात आणि तो पुढे गेला की विझतात. मी अनवाणी चालायचे. माझ्यापुढे एक दिवा लागायचा, मागचा विझायचा. टेबलं नसायची, खुर्च्या नसायच्या, काचेपासून काचेपर्यंत कापूस. बाहेर पुणं असायला हवं, पण असायचं बाभुळगावचं वावर, आणि त्यावर तीच सोनेरी संध्याकाळ. कापसावर कोणीतरी पोर झोपलेलं असायचं. मी आहे की नात, ते बघायला जवळ जायचे, आणि आमचे हे खोकायचे.

मग एके दिवशी नात जिन्यावरून हळू उतरली. एरवी ती धडधडत येते.

"आजी, मेल आला. सगळ्यांना परत बोलावलंय. पुढच्या महिन्यापासून रोज."

मी सांबार निवडत होते. निवडतच राहिले.

"अगं, खूश हो ना. तूच वंदनेत मागत होतीस."

"तुले कोणी सांगतलं?"

"ओठ हलतात तुझे."

मी ओठ हलू दिले नाहीत. तिच्या बॅगेत वड्यांचा डबा भरला, वर जवसाची चटणी. बसस्टँडवर हे तिला म्हणाले, "आजीचं भाडं वेळेवर देत जाय." गाडी हलली, आम्ही परत आलो. हे पेपर घेऊन बसले आणि मी उगाच वरच्या खोलीत गेले. टेबलावर तिच्या कपाचा गोल डाग होता. मी "ओ" म्हटलं नाही. या वयात उत्तर माहीत असतं.

भाव वाढायला लागला. शंभराला पोचला नाही, पण त्या दिशेने निघाला. लोक ऑफिसात परतले म्हणून, असं पेपरात आलं. हे मोठ्याने वाचायचे आणि चष्म्यावरून बघायचे. एका सकाळी त्यांनी पेपर घडी करून ठेवला, थट्टा न करता.

"वाढला वं. इतकी वर्षं धरून बसली होतीस. आता वीक. वावराचा पैसा निघते."

"नाई विकत."

"काहून? आता कायची वाट पाह्यतेस?"

"माही भाडेकरीण राह्यते तिथं. आपण विकलं, आन् नवा मालक बरा नाई निघाला तर?"

ते उठून स्वयंपाकघरात गेले. चहा त्यांनीच केला, आणि साखर घालायला विसरले.

संध्याकाळी नातीचा व्हिडिओ कॉल आला. ती चौथ्या मजल्यावर खिडकीत उभी होती. मागे सगळी काच पेटलेली, तिच्या हातात कप. ते चित्र मी एकदा टीव्हीवर पाहिलं होतं, तेव्हा त्यातल्या मुलीला माझ्यासारखं नाक नव्हतं.

"आजी, एक गंमत दाखवू?" तिने मोबाइल खिडकीच्या चौकटीपाशी नेला. खालच्या कोपऱ्यात काहीतरी चमकत होतं. "हा बघ. सापडला तुझा स्क्रू."

"कसा हाय?"

तिने बोटाने हलवून पाहिला.

"ढिला आहे."

"मंग माहाच हाय," मी म्हटलं.