तिसरा कोनाडा

मला लिहायची सवय नाही, आणि हे कितपत जमेल तेही ठाऊक नाही. पण खुर्शीदबीला ओळखणारं आता फारसं कोणी उरलं नाही.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. बुलढाण्याला कचेरीमागे सरकारी खोल्यांची रांग होती. मी सरकारी कागदांच्या नकला करणारा कारकून. शेजारी निजाम चपराशी. त्याची बायको खुर्शीद सुलतानपूरची. ती आली तेव्हा खोली दवाखान्यासारखी पांढरी होती. महिन्याभरात तिने जमीन सारवली, फुटक्या घागरीत पुदिना लावला, निजामच्या जुन्या लाल पागोट्याची गोधडी शिवून बाजेवर टाकली. माझी बायको गीताबाई निवडायचं धान्य घेऊन तिथेच जाऊन बसू लागली.

खुर्शीदच्या माहेरी एक रीत होती. नवी सून आली की तिने चुलीजवळ आपल्या हाताने एक कोनाडा कोरायचा, मग ते घर तिचं. तिने तसंच केलं. खुरप्याने भिंत कोरली, कडेने माती लिंपली, त्यात फुटक्या बांगड्यांच्या काचा बसवल्या.

निजाम कचेरीतून आला आणि ओरडलाच. "हे काय करून ठेवलं वो? सरकारची भिंत हाय! खोली खाली करा म्हणतीन!"

"मंग मीठ काय सरकारच्या टोपीत ठेवू?"

तिला हसू येत होतं. कोनाडा बुजवायला मात्र ती तयार होईना.

आठ दिवसांनी बांधकाम खात्याचे ओव्हरसियर खोल्या तपासायला आले. कुठल्या खोलीत काय काय आहे त्याची यादी घेऊन मी मागे होतो.

"यादीत कोनाडे दोन. इथे तीन कसे?"

निजाम खाली मान घालून उभा. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, "साहेब, नक्कल माझी आहे. तिनाचे दोन लिहिले गेले असतील."

"आणि बांगड्या सरकारने बसवल्या का?"

मी यादी पुढे केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यादीत दोन खोडून तीन केले.

ते गेल्यावर पडद्याआडून खुर्शीद जवळ बसलेल्या माझ्या बायकोला म्हणाली, "गीताबाई, भाऊजीले पुसा, यादीत अजून जागा हाय का? कंदिलाले एक पाह्यजे."

"गप वो!" गीताबाई म्हणाली आणि हसत सुटली.

मी नाही म्हणालो. त्या चुकीपायी माझ्या नावावर हलगर्जीपणाचा शेरा बसला. तो मी घरी सांगितला नाही.

कंदिलाचा कोनाडा तिने पुढल्या वर्षी कोरला. या वेळी ओव्हरसियर यायच्या आधीच मी यादीत चार लिहून ठेवले.