तंबूतल्या तीन बहिणी

अक्का, तुझा गुडघा कसा आहे? बाळू, ताप उतरला का? माई, खोकला थांबला ना? मी धडधाकट आहे, पण आज स्वतःच्या जिभेनं घात केला.

सकाळी खालापूरचे पाहुणे माझ्या शालूला बघून खूश झाले. म्हणून पाहुणचाराला त्यांना कर्जतच्या तंबूत जर्मन मूकपट दाखवायला नेलं. पडद्यावरची अक्षरं कुणालाच लागेनात. तंबूवाला म्हणाला, "तात्या, चित्रं बघून तुम्हीच मोठ्यानं गोष्ट सांगा."

नायक दिसेल त्या बाईपुढे गोंडा घोळणारा. शेजारी बायका बसलेल्या, त्यांच्यादेखत ते कसं सांगू? मी सांगून टाकलं, "हा आपल्या बहिणींना भेटायला निघालाय."

पहिलीला त्यानं फूल दिलं. दुसरीचा हात धरला. तिसरीचा चक्क मुका घेतला.

मागून एक ठाकरीण म्हणाली, "तात्या, आमच्यात भाऊ बहिणीला असा नाय भेटत रं." सगळा तंबू हसून लोळला.

मुलाचे वडील तेवढे हसले नाहीत. निघताना हळूच म्हणाले, "सकाळी मुलीची माहितीही तुम्हीच सांगितलीत, नाही का?"

ती सगळी खरी होती हो. पण आता माझं कोण ऐकणार? तुम्ही तिघं त्यांना लवकर पत्र घाला, आणि मलाही.